बावीस नंबरचं दार

कंपनीच्या लॅपटॉपवर 'गिट क्लोन' (गिटहबसारख्या ठिकाणी ठेवलेला कोड आपल्या मशीनवर उतरवून घेणं) पहिल्या फटक्यात चाललं, असा माणूस मी अजून पाहिलेला नाही. कोणाला भेटलाच तर नव्या ऑफिसची पूजा त्याच्या हातून करून घ्यावी. आपल्यासारख्यांच्या वाट्याला काळा पडदा येतो, त्यावर 'क्लोनिंग इंटू' अशी आशा लावणारी एक ओळ आणि तिच्याखाली लुकलुकणारा कर्सर. पुढे काही नाही. शिवीसुद्धा नाही.

हे थांबणं किती वेळ चालायचं तेही ठरलेलं आहे. विंडोजवर साधारण २१ सेकंद, लिनक्सवर दोन मिनिटांहून थोडं जास्त. आपलं मशीन पलीकडे हाक मारतं, उत्तर आलं नाही की पुन्हा मारतं, आणि दोन हाकांमधलं अंतर हळूहळू वाढवत नेतं. उधारी वसूल करायला गेलेला माणूस आधी रोज जातो, मग आठवड्याने, मग सणासुदीला, तसं. शेवटी 'कनेक्शन टाइम्ड आउट' म्हणून हात झटकून मोकळं होतं. तेवढ्या वेळात टपरीवर चहा सांगून होतो, पिऊन होत नाही.

पण या दोन मिनिटांत माणूस जे उद्योग करतो, त्यातून पुढच्या दोन दिवसांची सोय होते. व्हीपीएन, म्हणजे कंपनीच्या जाळ्यात शिरण्याचा खाजगी रस्ता, बंद करून चालू केला जातो. लॅपटॉप रीस्टार्ट होतो. आणि मग कोणीतरी मागून येऊन, खांद्यावरून वाकून, 'की नवीन बनव' असा सल्ला देतो. एसएसएच म्हणजे दूरच्या मशीनशी कुलूपबंद बोलणं; त्याची किल्ली बनवणारं 'एसएसएच-कीजेन' चालवलं की ते बिचारं विचारतं, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावर लिहू का? घाईत 'वाय' दाबलं जातं. त्या जुन्या किल्लीने जी चार सर्व्हरं बिनतक्रार उघडत होती, ती आता उघडत नाहीत. गिटहब आधीही उघडत नव्हतं, आताही उघडत नाही. म्हणजे तक्रार एक होती, त्या पाच झाल्या.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. आज्ञा मी इथे बोलल्यासारख्या लिहिणार आहे. कारण अशा वेळी स्क्रीन शेअर करायला परवानगी नसते आणि सगळं फोनवर सांगावं लागतं. 'हायफन' म्हटलं की पलीकडून 'अंडरस्कोर ना?' असं येतं, आणि 'डॉट एसएसएच' म्हटलं की डॉट तेवढा गळतो. त्या टिंबाशिवाय फोल्डर बनवून तासभर बसलेले लोक आहेत.

तर मुद्दा असा, की काहीही बदलण्याआधी नकार कोणत्या शब्दांत आला आहे ते वाचावं. नकाराच्या पद्धतीवरून तो कोणत्या दारातून आला ते कळतं. लग्नं जमवणाऱ्या कुठल्याही मावशीला हे शिकवावं लागत नाही.

'टाइम्ड आउट' म्हणजे 'कळवतो' म्हणाले आणि कळवलंच नाही. आपला निरोप वाटेतल्या फायरवॉलने, म्हणजे जाळ्याच्या पहारेकऱ्याने, मुकाट्याने गिळला. होकार नाही, नकार नाही. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे 'आम्हाला इतक्यात कर्तव्य नाही' असं तोंडावर सांगितलं. हे बरं. निदान कोणीतरी ऐकलं. एकतर त्या पोर्टवर, म्हणजे त्या नंबरच्या दारावर, पलीकडे कोणी बसलेलं नाही, किंवा मधल्या फायरवॉलला नाही म्हणण्याची रीत आहे. 'कुड नॉट रिझॉल्व्ह होस्टनेम' म्हणजे स्थळाचं घरच सापडलं नाही. पुष्कळ कंपन्यांत आतल्या डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या वहीला, बाहेरच्या जगाची नावंच माहीत नसतात, ती फक्त प्रॉक्सीला, म्हणजे बाहेर जाण्याच्या मध्यस्थाला, माहीत असतात. म्हणून हा निरोप दिसला की पहिला संशय प्रॉक्सीवर घ्यावा.

सगळ्यात खट्याळ प्रकार 'केईएक्स एक्सचेंज आयडेंटिफिकेशन, कनेक्शन क्लोज्ड बाय रिमोट होस्ट'. इथे दार उघडलं, पोहे आले, चहा आला, आणि पत्रिका काढायला पिशवीत हात घातला तोच मंडळी उठून निघाली. केईएक्स म्हणजे किल्ल्यांची देवाणघेवाण. बऱ्याचदा असं असतं, की टीसीपीची, म्हणजे दोन मशीनमधली पहिली, जोडणी होऊ देणारी फायरवॉल आतलं बोलणंही ऐकते. पहिल्याच वाक्यात 'एसएसएच' ऐकलं की तोडते. पलीकडचा सर्व्हर त्यात निर्दोष असतो, पण ओळीत नाव त्याचंच येतं.

आणि 'परमिशन डिनाइड, पब्लिक की' वाचून लोक कपाळाला हात लावतात. खरं तर पेढे वाटावेत. आपण गिटहबच्या ओटीवर पोचलो आहोत. फायरवॉल, प्रॉक्सी, डीएनएस सगळे पार झाले. आता प्रश्न फक्त आपण कोण हा आहे. हा निरोप आल्यावर नेटवर्कवाल्यांना फोन करणं म्हणजे घरात शिरल्यावर रिक्षावाल्याला पत्ता विचारणं.

दाराची परीक्षा पिंगने करू नये. पिंगला वेगळी वाट असते आणि कंपनीच्या जाळ्यात ती वाट सहसा बंदच असते. त्यामुळे पिंग गेला नाही यातून काही सिद्ध होत नाही, आणि गेला यातूनही नाही. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'टेस्ट हायफन नेटकनेक्शन, गिटहब डॉट कॉम, हायफन पोर्ट २२' अशी आज्ञा आहे; २२ हे एसएसएचचं नेहमीचं दार. शेवटी 'टीसीपी टेस्ट सक्सीडेड' समोर ट्रू की फॉल्स ते पाहायचं. तीच आज्ञा पोर्टच्या जागी ४४३ घालून पुन्हा. बावीसला फॉल्स आणि ४४३ ला ट्रू आलं तर निम्मं काम झालं. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर हीच परीक्षा घेऊन बघितली की दोष लॅपटॉपचा की जाळ्याचा ते मिनिटात कळतं. मात्र तेवढ्यापुरतीच घ्यावी. कंपनीचा कोड स्वतःच्या डेटापॅकवरून पुश करण्याची हौस नंतर एचआरच्या खोलीत महागात पडते.

बावीस हा आकडा आला कुठून, हे थोडं बाजूला जाऊन सांगतो. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या जाळ्यात पासवर्ड ऐकून चोरण्याचा प्रकार झाला. तिथल्याच तातू युलोनेनने त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं. तेव्हा फाइली नेणारं एफटीपी २१ वर राहत होतं आणि दूरच्या मशीनवर काम करू देणारं टेलनेट २३ वर; दोघंही पासवर्ड उघड्यावर वाळत घालणारे. मधला २२ मोकळा होता. युलोनेनने तो मागितला आणि दुसऱ्या दिवशी त्याला तो मिळाला. एका मेलवर. फॉर्म नाही, मंजुरी नाही, 'बिझनेस जस्टिफिकेशन' नाही. आज तोच बावीस नंबर आपल्या फायरवॉलमध्ये उघडून घ्यायचा तर तीन आठवडे लागतात.

पहारेकरी मूर्ख असतो असं मात्र नाही. एसएसएचच्या एका ओळीत आतून बाहेर, बाहेरून आत असा बोगदा काढता येतो, आणि आतून काय वाहतंय ते फायरवॉलला दिसत नाही. म्हणून सरसकट बावीस बंद ठेवणं हे सुरक्षेवाल्यांच्या दृष्टीने शहाणपणाचंच. त्रास असा, की बोगदा काढणाऱ्याबरोबर गुपचूप चार फाइली आणायला निघालेला गरीबही अडतो.

या गरिबासाठी गिटहबनेच मागचं दार ठेवलं आहे. 'एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉम' या पत्त्यावर ४४३ नंबरला एसएसएच ऐकलं जातं. ४४३ हा एचटीटीपीएसचा रस्ता. तो बंद केला तर साहेबांचं बँकेचं पानसुद्धा उघडणार नाही, म्हणून तो उघडाच असतो. गिटलॅब आणि बिटबकेट यांच्या सार्वजनिक सेवांवरही 'ऑल्टएसएसएच' ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर हीच सोय आहे. आधी नुसती चाचणी: 'एसएसएच, हायफन कॅपिटल टी, हायफन पी ४४३, गिट ॲट एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉम'. हे चाललं की कायमची व्यवस्था करायची. घरच्या फोल्डरात 'डॉट एसएसएच', त्यात 'कॉन्फिग' नावाची फाइल, आणि तिच्यात चार ओळी. पहिली 'होस्ट गिटहब डॉट कॉम'. तिच्याखाली 'होस्टनेम एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉम', मग 'पोर्ट ४४३', मग 'युजर गिट'. एवढं झालं की रेपोचे, म्हणजे कोडच्या कोठारांचे, जुने पत्ते बदलायला नकोत. आपण गिटहब डॉट कॉम म्हणत राहायचं, एसएसएच आपलं आपण मागच्या दाराने जातं.

युजरच्या जागी स्वतःचं नाव घालायचा मोह अनेकांना होतो. तिथे सगळे 'गिट'च असतात, वारीत सगळे माउली असतात तसे. कोण कोण ते किल्लीवरून ओळखलं जातं.

आता या चार ओळींत काय बिघडू शकतं? पुष्कळ. नोटपॅडने फाइल सेव्ह केली की तिचं नाव 'कॉन्फिग डॉट टीएक्सटी' होतं, आणि विंडोज ते शेपूट लपवून ठेवतं. डोळ्यांना 'कॉन्फिग' दिसतं, एसएसएचला काहीच दिसत नाही. दुसरी गोष्ट, या फाइलीत एका गोष्टीला जी किंमत आधी सापडते ती पक्की; नंतर कोणी काहीही सांगो. कोणीतरी आधीच वर 'होस्ट स्टार' लिहून 'पोर्ट २२' टाकून ठेवलं असेल तर तुमचं ४४३ खाली बसून नुसतं बघत राहतं. म्हणून 'स्टार'चा संसार नेहमी तळाशी मांडावा. शंका आली तर 'एसएसएच, हायफन कॅपिटल जी, गिटहब डॉट कॉम' चालवावं. ही आज्ञा कुठेही जोडणी करत नाही, फक्त 'मी निघालो तर कुठे जाईन' ते छापते. त्यात 'पोर्ट ४४३' दिसलं नाही तर फाइल वाचलीच गेलेली नाही, किंवा वरच्या कुठल्यातरी ओळीने आधीच बाजी मारली आहे. इतकी उपयोगी आज्ञा इतक्या थोड्या लोकांना माहीत असावी, याचं मला कायम वाईट वाटतं.

पहिल्यांदा या दाराने गेलं की 'हा यजमान ओळखीचा नाही, पुढे जाऊ का' असा प्रश्न येतो. पत्ता आणि पोर्ट दोन्ही नवे, म्हणून जुनी ओळख चालत नाही. इथे डोळे मिटून 'येस' लिहिणं ही आपली राष्ट्रीय सवय. त्याआधी समोर दिसणारा ठसा गिटहबच्या पानावर छापलेल्या ठशाशी ताडून बघावा, अर्धं मिनिट लागतं. याच्या उलट, ओळखीच्या यजमानाचाच ठसा बदलला तर एसएसएच ॲट-चिन्हांची चौकट काढून, सगळी अक्षरं कॅपिटल करून, कोणीतरी काहीतरी ओंगळ करत असण्याची शक्यता आहे असं ओरडतं. २४ मार्च २०२३ ला हे जगभर झालं. गिटहबची स्वतःचीच आरएसए प्रकारची खाजगी किल्ली थोडा वेळ एका सार्वजनिक रेपोत उघडी पडली होती, म्हणून त्यांनी ती बदलली. जगाला 'किल्ल्या रेपोत टाकू नका' सांगणाऱ्या घरातच किल्ली पायपुसण्याखाली सापडली. तेव्हा जुनी ओळख पुसायला 'एसएसएच-कीजेन, हायफन कॅपिटल आर, गिटहब डॉट कॉम' एवढं पुरलं. पण असा ओरडा कंपनीच्या जाळ्यात एखाद्या सामान्य मंगळवारी झाला, तर पुसण्याआधी कोणाला तरी विचारावं.

एवढं करूनही ४४३ ला 'टाइम्ड आउट' आलं, तर समजावं की तुमच्या कंपनीत थेट बाहेर जाण्याची पद्धतच नाही. सगळ्यांनी प्रॉक्सीमार्फत जायचं. प्रॉक्सी म्हणजे सोसायटीच्या गेटवरचे काका: कुठे निघालात, कोणाकडे, नाव लिहा. ब्राउझरला हे काका जन्मापासून माहीत असतात, म्हणून ब्राउझरमध्ये गिटहब छान उघडतं आणि सपोर्टवाले 'आमच्याकडून तर चालतंय' म्हणतात. एसएसएचला काका आहेत हेच ठाऊक नसतं. त्याला 'प्रॉक्सीकमांड' नावाची ओळ त्याच कॉन्फिग फाइलीत लिहून सांगावं लागतं. गिट फॉर विंडोजबरोबर 'कनेक्ट' नावाचा छोटा प्रोग्राम येतो. त्याला 'हायफन कॅपिटल एच', मग प्रॉक्सीचा पत्ता, कोलन, पोर्ट, बहुधा ८०८०, आणि शेवटी 'टक्का एच, टक्का पी'. हे दोन टक्के कोणाच्या खिशात जात नाहीत. त्यांच्या जागी यजमानाचं नाव आणि पोर्ट आपोआप भरला जातो. मॅकवर तेच काम 'एनसी' करतं. काका साधारणपणे ४४३ लाच 'जा' म्हणतात, २२ ला नाही. म्हणून प्रॉक्सी असली तरी वरचं मागचं दार लागतंच. दोन्ही एकत्र वापरायचे.

यानंतर '४०७' आला, तर काकांना पासवर्ड हवा आहे. इथून खरी गंमत. पासवर्डच्या नियमानुसार त्यात एक खास चिन्ह हवं, आणि दहातले आठ लोक 'ॲट' घालतात. प्रॉक्सीच्या पत्त्यात नाव आणि पासवर्डनंतर 'ॲट' आलं की त्यापुढे यजमानाचं नाव सुरू होतं असा नियम आहे. पासवर्डमध्येच 'ॲट' असेल तर पत्ता मधेच मोडतो आणि गिट तुमच्या पासवर्डचं शेपूट हे सर्व्हरचं नाव समजून शोधत बसतं. त्या जागी 'टक्का ४०' लिहायचं. 'हॅश' असेल तर 'टक्का २३'. मुलाचं नाव, ॲट, जन्मसाल, असा पासवर्ड एकदा टक्केवारीत लिहून बघा, स्वतःच्याच मुलाला ओळखणार नाही.

पण पासवर्ड गिटच्या सेटिंगच्या फाइलीत लिहिणं हाच मुळात आत्मघात. तो ९० दिवसांनी बदलतो. तुम्ही बदलता, फाइल बदलत नाही. मग एडिटर दर काही मिनिटांनी पाठीमागे गुपचूप 'गिट फेच' करतो, प्रत्येक वेळी जुना पासवर्ड देतो, आणि थोड्याच वेळात तुमचं खातं लॉक होतं. तुम्ही अनलॉक करून घेता, पाणी प्यायला जाता, परत येता तर पुन्हा लॉक. मग माणूस ओळखीच्या ज्योतिषाचा नंबर शोधू लागतो. शोधायचं असतं ते एवढंच: 'गिट कॉन्फिग, दोन हायफन लिस्ट, दोन हायफन शो हायफन ओरिजिन'. कोणती नोंद कोणत्या फाइलीतून आली ते ओळीओळीला छापलं जातं, आणि सहा महिन्यांपूर्वी कोणीतरी, बहुधा आपणच, कुठे काय पुरून ठेवलं आहे ते सापडतं. प्रॉक्सी एनटीएलएम या विंडोजच्या लॉगिन पद्धतीची असेल तर तिला साधा पासवर्ड कळतही नाही. तेव्हा 'सीएनटीएलएम'सारखा मध्यस्थ आपल्याच मशीनवर ३१२८ पोर्टला बसवतात आणि गिटला त्याचा पत्ता देतात. तो बसवायला ॲडमिन हक्क लागू शकतात. ॲडमिन हक्कांसाठी तिकीट, म्हणजे सपोर्टकडे लेखी मागणी, लागतं. तिकिटाकडे येतोच.

एसएसएचचा नाद सोडून एचटीटीपीएसने जाऊ, असंही कोणी सुचवतं. जावं, बिघडत नाही. पण तिथे गिटहबचा पासवर्ड चालत नाही. १३ ऑगस्ट २०२१ पासून टोकन, म्हणजे गिटहबने बनवून दिलेला वेगळा संकेतशब्द, लागतं, आणि नकाराच्या ओळीत ती तारीख छापूनच येते. आधी 'एसएसएल सर्टिफिकेट प्रॉब्लेम, अनएबल टु गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट' आडवं येतं. याचं कारण ऐकून घ्या. कंपनी मधे बसून तुमची पत्रं उघडते, वाचते, पुन्हा चिकटवते आणि वर स्वतःची लाख लावते. ब्राउझरला ती लाख खरी वाटते, कारण कंपनीचा शिक्का विंडोजच्या तिजोरीत आधीच नोंदवलेला असतो. गिट मात्र स्वतःची वेगळी यादी घेऊन हिंडतं, आणि त्या यादीत तुमच्या कंपनीचं नाव नाही. उपाय सोपा आहे: 'गिट कॉन्फिग, दोन हायफन ग्लोबल, एचटीटीपी डॉट एसएसएलबॅकएंड, एसचॅनल'. म्हणजे गिट विंडोजचीच तिजोरी वापरू लागतं. लिनक्सवर कंपनीचं मूळ सर्टिफिकेट बेस-६४ स्वरूपात घेऊन 'एसएसएलसीएइन्फो'ला त्या फाइलीचा पत्ता द्यायचा.

त्याऐवजी बहुतेक जण 'एसएसएलव्हेरिफाय फॉल्स' करतात. कडी गंजली म्हणून दरवाजाच काढून भंगारात घालण्याचा हा प्रकार. तोही 'ग्लोबल' करतात, म्हणजे घरचा, मित्राचा, अख्ख्या गावाचा. मग तोच लॅपटॉप घेऊन विमानतळाच्या फुकट वायफायवर बसतात. यावर मी हसून बोलू शकत नाही. आणि गिटला समजावलं म्हणजे संपलं असंही नाही. पायथनची यादी वेगळी, नोडची वेगळी, जावाची तर पासवर्ड लावलेली वेगळी. हळदीकुंकवाला बोलावताना एका घराला सांगून चालत नाही, वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाला जाऊन सांगावं लागतं.

आता किल्लीकडे. ती बनवायला 'एसएसएच-कीजेन, हायफन टी, ईडी २५५१९'. तयार होतात दोन फाइली. 'डॉट पब' वाली द्यायची, दुसरी जीव गेला तरी नाही. लिनक्सवर खाजगी फाइलीची परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकापुरती, हवी, नाहीतर एसएसएच 'ही तर सगळ्यांना वाचता येते' म्हणून तिला हातच लावत नाही. विंडोजच्या आतल्या लिनक्समधून सी ड्राइव्हवरची किल्ली वापरली की ती नेहमी ७७७, म्हणजे सगळ्यांना खुली, दिसते आणि परवानगी बदलणारं 'सीएचमॉड' करून हलत नाही. ती लिनक्सच्या बाजूला, घरच्या फोल्डरात, कॉपी करावी आणि वाद संपवावा.

विंडोजवर एसएसएचही दोन असतात, हे पुष्कळ वर्षं काढलेल्यांनाही ठाऊक नसतं. एक गिटबरोबर आलेलं, एक विंडोजचं स्वतःचं. तुम्ही किल्ली एकाच्या एजंटला, म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्याला, सोपवता, गिट दुसऱ्याला विचारतं, आणि दोघी जावांसारख्या एकमेकींशी बोलत नाहीत. टर्मिनलमध्ये 'एसएसएच हायफन कॅपिटल टी' चालतं आणि 'गिट पुल' चालत नाही, तर खूण हीच. 'कोअर डॉट एसएसएचकमांड' मध्ये विंडोजच्या एसएसएचचा पूर्ण पत्ता लिहिला की भांडण मिटतं. एजंटमध्ये किल्ल्या फार झाल्या तर आणखी एक त्रास. सर्व्हरची सहनशक्ती मोजकी. नेहमीच्या ओपनएसएसएच सर्व्हरवर सहा प्रयत्नांत 'टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स' म्हणून तो बाहेर काढतो, आणि तुमची खरी किल्ली जुडग्यात सातवी असते. 'आयडेंटिटीजओन्ली येस' लिहून कोणती लावायची ते नेमून द्यावं.

'रिपॉझिटरी नॉट फाउंड' हा निरोप खोटारडा आहे. रेपो असतो. पण तुम्हाला हक्क नसेल तर 'आहे, पण तुला नाही' असं म्हटल्याने तो असल्याचं कळेल, म्हणून गिटहब 'नाहीच' म्हणतं. म्हातारी आजी लाडवांच्या डब्याबद्दल सांगते तसं. बहुधा किल्ली तुमच्या घरगुती खात्याला जोडलेली असते, कंपनीच्या नव्हे. एकल साइन-इन (एसएसओ) असलेल्या संस्थांत आणखी एक पायरी असते, सेटिंग्जमध्ये किल्लीसमोर 'कॉन्फिगर एसएसओ' दाबून त्या संस्थेसाठी ती मंजूर करावी लागते. तसं झालं नसेल तर निदान निरोपात एसएसओचा उल्लेख असतो.

घरून व्हीपीएनवर काम करणाऱ्यांसाठी एक खास पाहुणा राखून ठेवला आहे. 'एसएसएच'ला तीन 'व्ही' लावून, म्हणजे सगळं बोलून दाखवायला सांगून, चालवलं, पानभर मजकूर धावला, आणि 'एक्सपेक्टिंग एसएसएच टू एमएसजी केईएक्स ईसीडीएच रिप्लाय' या ओळीवर सगळं गोठलं. छोटे निरोप जातात, मोठा आला की अडतो. मंडळाची मूर्ती उंच, वरून विजेच्या तारा. लहान गणपती झरझर जातात, मोठा ट्रक चौकात उभा. एका खेपेत साधारण १५०० बाइट मावतात. व्हीपीएन त्यात आपलं वेष्टण घालतं, आणि उंची वाढल्याचं सांगणारा निरोपही वाटेतली फायरवॉल गिळते. तपासायला 'पिंग, हायफन एफ, हायफन एल १४७२' आणि आतलं एखादं मशीन, जे पिंगला उत्तर देतं असं. पंधराशेतून मथळ्यांचे, म्हणजे पाकिटावरच्या पत्त्याचे, २८ बाइट वजा केले की १४७२. उत्तर येईपर्यंत आकडा कमी करत जायचं, मग सापडलेल्या आकड्यात २८ मिळवून व्हीपीएनच्या ॲडॅप्टरची एमटीयू, म्हणजे एका खेपेची मर्यादा, तेवढी ठेवायला सांगायची. १४०० ठेवली की बऱ्याच घरांत तारांखालून गणपती जातो.

राहिलं तिकीट. त्यात 'गिट चालत नाही' असं कधीही लिहू नये. ते वाचून पहिल्या पायरीवरचा मुलगा 'ब्राउझरची कॅश क्लिअर केली का?' विचारतो, कारण त्याच्यासमोरच्या कागदावर तेच लिहिलेलं असतं. त्याचा दोष नाही. लिहायचं असं: कोणत्या मशीनवरून, कोणत्या पत्त्याला, कोणत्या पोर्टला, किती वाजता, आणि नकाराची ओळ जशीच्या तशी. वेळ महत्त्वाची, कारण फायरवॉलच्या नोंदी वेळेनेच शोधतात. मग फॉर्ममध्ये 'डेस्टिनेशन आयपी', म्हणजे पलीकडच्या मशीनचा आकडी पत्ता, विचारतात. एक आयपी बघून लिहून टाकू नये. गिटहबकडे पत्त्यांचे पट्टेच्या पट्टे आहेत आणि ते बदलतात. यादी 'एपीआय डॉट गिटहब डॉट कॉम, स्लॅश, मेटा' इथे मिळते. एकाच आयपीला मंजुरी मिळवलेल्यांचं गिट काही दिवस चालतं, काही दिवस चालत नाही, आणि ते राहुकाळ तपासू लागतात. जमल्यास नावावर मंजुरी मागावी. आणि ४४३ च्या मागच्या दाराबद्दलही सुरक्षेवाल्यांना आधी सांगून ठेवावं. ते स्वतःच शोधून काढतात तेव्हा त्यांचा चेहरा वेगळा असतो.

शेवटी एक दिवस 'एसएसएच, हायफन कॅपिटल टी, गिट ॲट गिटहब डॉट कॉम' मारलं की उत्तर येतं: हाय, पुढे तुमचं नाव, ओळख पटली, 'बट गिटहब डझ नॉट प्रोव्हाइड शेल ॲक्सेस'. म्हणजे या, बसा, पाणी घ्या, पण माजघरात येऊ नका. यातला 'बट' वाचून लोक पुन्हा तिकीट टाकतात. टाकू नये, हेच यश. फक्त एवढंच, की या यशानंतरही ती आज्ञा संपताना आपल्या मशीनला शून्य नव्हे, १ हा आकडा देते. सपोर्टवाल्याची तपासणारी स्क्रिप्ट ओळ वाचत नाही, आकडा वाचते. शून्य नाही म्हणजे फेल. ती तुमचं बंद झालेलं तिकीट पुन्हा उघडते, आणि संध्याकाळी मेल येतो: कृपया ब्राउझरची कॅश क्लिअर करून पाहा.